‘हे आमच्याकडे येत नाही’: कुत्र्याच्या खाद्याची तक्रार नेमकी अडते कुठे

प्रश्न थोडक्यात असा आहे. मानेवाड्याच्या एका ताईंनी त्यांच्या पाच वर्षांच्या लॅब्रेडॉरसाठी खाद्याचं नवीन पोतं उघडलं. सहाव्या दिवसापासून त्याला उलट्या सुरू झाल्या, खाणं सुटलं. रक्तात क्रिएटिनिन (किडनीचं काम मंदावलं की वाढणारा आकडा) चढलेलं आणि यकृताचे आकडेही बिघडलेले. दुकानदार म्हणाला, कंपनीला विचारा. कंपनी म्हणाली, दुकानदाराने पोतं नीट ठेवलं नसेल. एफडीएत, म्हणजे राज्याच्या अन्न व औषध प्रशासनात, गेल्या तर तिथे ऐकायला मिळालं, ‘प्राण्यांचं आमच्याकडे येत नाही.’ शेवटी त्या विचारतात: सरकार नक्की कोणाचं, आपलं की कंपन्यांचं?

मी ३१ वर्षं नागपुरात प्राण्यांची डॉक्टर आहे. सेमिनरी हिल्सच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकले, सुरुवातीची वर्षं कामठी-मौद्याकडच्या गाई-म्हशींमागे गेली, मग शहरात दवाखाना थाटला. उत्तर लांबणार आहे. ‘कुत्र्याला काय झालं’ आणि ‘जबाबदार कोण’ हे दोन प्रश्न आपण एकाच रागात विचारतो, पण त्यांची उत्तरं वेगवेगळ्या टेबलांवर मिळतात.

आधी कुत्र्याचं. यकृत आणि किडनी एकदम बिघडली आणि दिवस पावसाळ्याचे असले, तर माझ्या डोक्यात पहिल्यांदा लेप्टोस्पायरोसिस येतो. उंदराने लघवी केलेलं साचलेलं पाणी कुत्र्याने चाटलं, एवढं पुरतं. मग गोचिडताप. मग उंदीर मारायचं औषध, मनुका, घरातल्या माणसांच्या पेनकिलर गोळ्या. पोत्याचा नंबर यानंतर. मी कंपनीची बाजू घेतेय असं वाटेल, पण उलट आहे. उद्या तुम्ही तक्रार केली तर समोरचा वकील पहिल्यांदा हेच विचारणार की लेप्टोची तपासणी केली होती का. ती केलेली नसेल तर तुमची केस तिथेच लंगडी पडते. तेव्हा डॉक्टरांकडून लेप्टो आणि गोचिडतापाच्या तपासण्या करून घ्या आणि रिपोर्ट निगेटिव्ह आले तरी जपून ठेवा. निगेटिव्ह रिपोर्टच पुढे कामाला येतात.

आता एफडीएतला माणूस. तो खोटं बोलला नाही. आपल्याकडचा अन्न सुरक्षा आणि मानके कायदा २००६ चा, तो ५ ऑगस्ट २०११ पासून लागू झाला. त्याच्या कलम ३ मध्ये ‘अन्न’ म्हणजे काय याची व्याख्या आहे: माणसाने खाण्यासाठी असलेला पदार्थ. जनावरांचं खाद्य त्याच व्याख्येत शब्द वापरून वगळलेलं आहे. म्हणजे ज्या अधिकाऱ्याला हॉटेलातलं पनीर उचलून नेता येतं, त्याला तुमच्या पोत्याला हात लावायचा अधिकारच नाही. मग या पोत्याला कोणता नियम आहे? कुत्र्या-मांजरांच्या खाद्यासाठी बीआयएसचं (भारतीय मानक ब्यूरोचं) मानक आहे, आयएस ११९६८, पण ते ऐच्छिक. कंपनीला वाटलं तर पाळेल. परदेशातून येणाऱ्या खाद्याला केंद्राच्या पशुसंवर्धन खात्याचा आयात परवाना लागतो, म्हणजे दारावर निदान कुणीतरी उभं असतं. देशात तयार होणाऱ्या पाकिटाला वजन-मापाचे नियम आहेत: नाव, पत्ता, वजन, महिना, किंमत, ग्राहकसेवेचा संपर्क. आत काय आहे ते बाहेर लिहिल्याप्रमाणेच आहे की नाही, हे बघणं कुणाचीही ठरलेली ड्युटी नाही.

मला वाटतं, कंपन्यांचा प्रभाव शोधायचा तर इथे शोधावा. आपल्या डोक्यात चित्र असतं बंद लिफाफ्याचं. लिफाफेही असतील. पण मोठा फायदा व्याख्येतून जे बाहेर राहिलं त्यात असतो. तिथे कुणाला काही द्यावंच लागत नाही.

आणि जनावरांचं खाद्य व्याख्येबाहेर ठेवलं म्हणून ते आपल्या ताटाबाहेर राहतं का? विदर्भात गाईला सरकी ढेप घातल्याशिवाय दूध निघत नाही, असं कोणताही गोपालक सांगेल. पावसाळ्यात टिनाच्या शेडमध्ये ढेपीच्या पोत्याला ओल लागली की हिरवट-पिवळी बुरशी धरते. त्या बुरशीतून अफ्लाटॉक्सिन तयार होतं. गाईने ती ढेप खाल्ली की तेच विष थोडं रूप बदलून, एम-१ नावाने, दिवसभरात दुधात उतरायला लागतं. उकळून ते जात नाही. एफएसएसएआयने, म्हणजे केंद्राच्या अन्न प्राधिकरणाने, देशभरातून ६,४३२ दुधाचे नमुने तपासले आणि २०१९ मध्ये निकाल जाहीर केला. सगळ्यांना भीती होती युरिया आणि डिटर्जंटची. प्रत्यक्षात भेसळीचे नमुने निघाले १२, आणि मर्यादेपेक्षा जास्त अफ्लाटॉक्सिन एम-१ असलेले ३६८, म्हणजे ५.७ टक्के. भेसळखोर गवळी आपण शोधत बसलो आणि विष आलं ढेपीतून, जी कायद्याने ‘अन्न’च नाही. मग २०२० मध्ये दुधा-मांसाच्या जनावरांचं विकतचं खाद्य बीआयएसच्या मानकाप्रमाणे असावं असा आदेश निघाला आणि त्याच्या अंमलबजावणीची तारीख पुढे पुढे सरकत गेली. कुत्र्या-मांजरांचं खाद्य तर त्या आदेशातही नव्हतं. कुत्र्याचं दूध कोण पितं!

हसण्यावारी नेऊ नका मात्र. कुत्र्याच्या वाटीने माणसाला आधी इशारा दिल्याचं एक उदाहरण आमच्या धंद्यातल्या प्रत्येकाला पाठ आहे. मार्च २००७. अमेरिकेत मांजरं आणि कुत्री किडनी निकामी होऊन मरायला लागली. १६ मार्चला मेनू फूड्स या कंपनीने खाद्य परत मागवलं, डबे आणि पाकिटं मिळून ६ कोटींच्या वर. ही एकच कंपनी कितीतरी ब्रँडना माल बनवून देत होती, त्यामुळे महागडं आणि स्वस्त खाद्य एकाच कढईतून निघत होतं हे लोकांना तेव्हा कळलं. दोष निघाला चीनहून आलेल्या गव्हाच्या ग्लूटेनमध्ये. त्यात मेलामाइन हे कारखान्यात वापरायचं रसायन मिसळलं होतं.

मेलामाइनच का? प्रयोगशाळेत प्रोटीन थेट मोजत नाहीत. नायट्रोजन मोजतात आणि त्याला ६.२५ ने गुणतात. मेलामाइनमध्ये वजनाच्या सुमारे ६६ टक्के नायट्रोजन असतो. म्हणजे एक किलो मेलामाइन टाकलं की कागदावर चार किलोंहून जास्त प्रोटीन दिसतं. तपासणीला फसवण्यासाठीच निवडलेला पदार्थ. पोटात गेल्यावर सायन्युरिक आम्लासोबत त्याचे स्फटिक होतात आणि ते किडनीच्या नळ्यांत अडकतात. हे सगळं २००७ च्या उन्हाळ्यापर्यंत जगाला माहीत झालं होतं. वर्षभराने, सप्टेंबर २००८ मध्ये, तेच मेलामाइन चीनमध्ये तान्ह्या मुलांच्या दूध पावडरीत सापडलं. ६ बाळं दगावली, ३ लाखांच्या आसपास आजारी पडली. भारताने तेव्हा चिनी दुग्धजन्य पदार्थांची आयात बंद केली, हे आपल्या सरकारचं चांगलं काम.

अमेरिकेत पुढे काय झालं तेही बघा, कारण आपल्याकडे ‘तिकडे बरं असतं’ असं सगळ्यांना वाटतं. २००७ मध्ये तिथल्या एफडीएला खाद्य सक्तीने परत मागवायचा अधिकारच नव्हता, कंपनीला विनंती करावी लागे. अधिकार मिळाला २०११ च्या कायद्याने. आणि २००७ मध्येच संसदेने पाळीव प्राण्यांच्या खाद्यातल्या घटकांची मानकं दोन वर्षांत बनवा असं एफडीएला सांगितलं होतं. ती झाली नाहीत. २०१८ मध्ये ते कलमच काढून टाकलं. २०२० च्या डिसेंबरात पुन्हा एका कंपनीच्या खाद्यात अफ्लाटॉक्सिन निघालं. तिथली मर्यादा २० पीपीबी (शंभर कोटी भागांत २० भाग), सापडलं ५५८ पर्यंत. शंभरावर कुत्री गेली.

आपल्याकडे प्रभाव कुठून येतो, त्याचा एक रस्ता समित्यांचा आहे. अन्न प्राधिकरणाच्या २२ सदस्यांत अन्न उद्योगाचे दोन प्रतिनिधी कायद्यानेच बसवलेले आहेत, ग्राहक संघटनांचेही दोन. याला माझा आक्षेप नाही, सगळं उघड आहे. पण जिथे मर्यादा ठरतात त्या वैज्ञानिक समित्यांवर कायदा ‘स्वतंत्र’ शास्त्रज्ञ मागतो, आणि तिथेही कंपन्यांची माणसं बसली होती. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं की समित्या नव्याने नेमा. पाकिटाच्या दर्शनी भागावर मीठ-साखरेचा इशारा हवा, हा वाद अजून चालूच आहे. प्राधिकरणाच्या २०२२ च्या मसुद्यात इशाऱ्याऐवजी स्टार आले. ज्या बिस्किटावर ‘साखर जास्त’ लिहायचं, त्यालाही या मसुद्याप्रमाणे काही ना काही स्टार मिळतील, आणि स्टार म्हटलं की आपल्याला बक्षीस वाटतं.

दुसरा रस्ता आमच्या दवाखान्यातून जातो, आणि तो सांगितला नाही तर मी लबाड ठरेन. माझ्या दवाखान्यात काउंटरमागे खाद्याची पोती रचलेली असतात. त्यावर मला मार्जिन मिळतं. आमच्या परिषदांच्या बॅनरवर खाद्य कंपन्यांची नावं असतात, जेवणही त्यांच्याच पैशाचं. आहारशास्त्रावरचं भाषण द्यायला येणारा माणूस पुष्कळदा कंपनीचाच पगारी. मी किडनीच्या पेशंटचं खास खाद्य अजूनही ठेवते, कारण ते नागपुरात सहज मिळत नाही. बाकीचं सहा वर्षांपूर्वी बंद केलं. निमित्त एका केसचं झालं.

जुलै होता. बेसा भागातल्या एकाच सोसायटीतली तीन कुत्री चार दिवसांत आली. हिरड्या हळदीसारख्या पिवळ्या, लघवी चहासारखी. मी लेप्टो धरून चालले होते. पण तिघांचंही लसीकरण झालेलं, तपासणी निगेटिव्ह. तिसऱ्या कुत्र्याचे मालक सहज बोलून गेले, ‘मॅडम, आम्ही तिघं मिळून एकच पोतं घेतो, स्वस्त पडते नं.’ पोतं आणायला लावलं. तोंड दोरीने बांधलेलं, दोन-तृतीयांश संपलेलं. मी हात कोपरापर्यंत आत घातला आणि तळाची मूठ वर काढली. वरचे दाणे कुरकुरीत होते, तळाचे बोटाने दाबले की दबत होते. वास जुन्या शेंगदाण्यासारखा, खवट. शहराबाहेरच्या एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत नमुना पाठवला. रिपोर्टमध्ये अफ्लाटॉक्सिन अमेरिकन मर्यादेच्या कितीतरी वर. दोन कुत्री वाचली, एक गेलं.

कंपनीकडून दोन ओळींचं उत्तर आलं: पोतं उघडलेलं होतं, साठवणूक आमच्या हातात नाही. आणि खरं सांगू, त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. कारखान्यातून बुरशी आली, वितरकाच्या पत्र्याखाली मे महिन्याच्या ४५ अंशांत खाद्य भाजून पावसात ओलावलं, की सोसायटीच्या पार्किंगमध्ये सगळं झालं, हे उघड्या पोत्यावरून सिद्ध करता येत नाही. त्याच बॅचचं बंद पोतं हवं होतं. मी वितरकाकडे पोचेपर्यंत तशी सगळी पोती ‘परत गेली’ होती. ते पोतं विकणारा शेवटचा दुवा कोण होता? माझाच काउंटर. तिघांपैकी एकाने ते माझ्याकडूनच घेतलं होतं.

म्हणून नमुन्याबद्दल मी एवढी कटकट करते. मोठमोठी प्रकरणं तिथेच पडतात. २०१५ ची मॅगी आठवत असेल. उत्तर प्रदेशातल्या बाराबंकीच्या नमुन्यात शिसं जास्त निघालं, ५ जूनला देशभर बंदी आली आणि १३ ऑगस्टला मुंबई उच्च न्यायालयाने ती रद्द केली. कंपनीचं म्हणणं नीट ऐकलं नव्हतं, आणि ज्या प्रयोगशाळांच्या रिपोर्टवर बंदी आणली त्यांना त्या तपासणीसाठी मान्यताच नव्हती. नूडल्समध्ये शिसं होतं की नाही हा मुद्दा राहिला बाजूला. सरकारी प्रयोगशाळा कच्ची राहणं हीसुद्धा कंपनीला मिळालेली सवलतच असते, मग ती कुणी मागितलेली असो वा नसो.

ऑक्टोबर २०२५ मधला खोकल्याच्या औषधाचा प्रकार तर नागपूरने डोळ्यांनी पाहिला. छिंदवाड्याकडची लहान मुलं किडनी बंद पडून इथल्या रुग्णालयांत येत होती. मध्य प्रदेशातल्या सुरुवातीच्या तपासण्यांत काही सापडलं नाही असं सांगितलं गेलं. औषध तमिळनाडूत बनलेलं, तिथल्या सरकारी प्रयोगशाळेला त्यात ४८.६ टक्के डायएथिलीन ग्लायकॉल, किडनी बंद पाडणारं विषारी रसायन, सापडलं. मर्यादा ०.१ टक्का. हे तर माणसांचं औषध, त्यासाठी कडक कायदा आहे, परवाने आहेत, निरीक्षक आहेत. तरी असं.

त्यामुळे ‘पाळीव प्राण्यांच्या खाद्यासाठी वेगळा कायदा करा’ ही मागणी मला पटते, पण नुसत्या कायद्यावर माझा भरवसा नाही. राज्यात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे, आदेश दरवर्षी नव्याने निघतो, आणि कोणत्याही पानठेल्यावर डोळ्याने खूण केली की पुडी मिळते. सडक्या सुपारीचं प्रकरण तर उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत गेलं, तपास सीबीआयकडे द्यावा लागला. इथे अन्नाची व्याख्याही लागू होती आणि अधिकारीही होते.

आता ताई, तुम्ही काय करायचं. एफडीएचा नाद सोडा. तुमचा रस्ता २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यातून जातो, कारण तिथे ‘अन्न’ नव्हे, ‘वस्तू’ हा शब्द आहे आणि पोतं ही वस्तू आहेच. सदोष वस्तूमुळे झालेल्या नुकसानीची जबाबदारी या कायद्यात उत्पादक आणि विक्रेता दोघांवरही टाकता येते, म्हणजे दोघांनी एकमेकांकडे बोट दाखवायचा खेळ निदान एका खोलीत तरी होतो. आधी १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा, क्रमांक लिहून ठेवा. मग जिल्हा ग्राहक आयोग. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, वकीलही सक्तीचा नाही, मुदत घटनेपासून दोन वर्षं. आयोगाला नमुना प्रयोगशाळेत पाठवायचा अधिकार आहे, तशी विनंती करणारा अर्ज पहिल्याच दिवशी जोडा. आणखी एक दार लोकांना माहीत नसतं: केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण. धोकादायक वस्तू बाजारातून परत मागवायचा आदेश ते देऊ शकतं. एकट्याच्या तक्रारीने ते हलेल असं मी म्हणणार नाही, पण एकाच बॅचच्या पाच तक्रारी वेगवेगळ्या गावांतून गेल्या तर चित्र बदलतं. म्हणून तुमच्या डॉक्टरांना विचारा की अशी आणखी कुत्री आली का.

माणसांच्या अन्नाबद्दल शंका असेल तर मात्र एफडीएच. तिथे कलम ४० प्रमाणे कोणीही ग्राहक फी भरून स्वतः घेतलेला नमुना सरकारी अन्न विश्लेषकाकडून तपासून घेऊ शकतो, नमुना दोषी निघाला तर फी परत मिळते. विश्लेषकाने १४ दिवसांत रिपोर्ट द्यायचा असतो. आणि सरकारला जाब विचारायचा तर माहिती अधिकारात विचारा, दहा रुपयांत. ‘तुम्ही काय करता?’ असं विचारलं तर पोकळ उत्तर येतं. विचारायचं असं: गेल्या वर्षी जिल्ह्यात दुधाचे किती नमुने घेतले, किती असुरक्षित निघाले, किती खटले दाखल झाले, किती निकाली लागले. पहिल्या आकड्यापासून चौथ्यापर्यंत उतरताना गळती कुठे झाली ते तुम्हालाच दिसेल.

कुत्रा वाचावा अशीच माझी इच्छा आहे. पण दुर्दैवाने गेलाच तर त्याला डीप फ्रीजरमध्ये ठेवू नका, बर्फात ठेवा. गोठलेल्या यकृताची सूक्ष्मदर्शकाखाली माती होते. चोवीस तासांच्या आत सेमिनरी हिल्सला न्या आणि शवविच्छेदनाचा लेखी रिपोर्ट मागा.

आणि पोतं. घंटागाडीत टाकलं नसेल अशी आशा करते. वरून, मधून, तळातून असं तिन्हीकडून खाद्य घ्या, कारण बुरशी ठिपक्याठिपक्याने असते, एका मुठीत काहीच नाही आणि दुसरीत सगळं. दोन भाग करा, कोरड्या बरणीत सील करा, सीलवर दोन शेजाऱ्यांच्या सह्या आणि तारीख. रिकामं पोतंही जपा, बॅच नंबरचा फोटो काढा, पावती नसेल तर यूपीआयचा व्यवहार शोधा. मग दुसऱ्या कुणालातरी दुकानात पाठवा, तुम्ही जाऊ नका, तुमचा चेहरा आता ओळखीचा झालाय. त्याच बॅचचं बंद पोतं मिळालं तर बिलासकट विकत घ्या आणि उघडू नका.